ऊन जातं, गाळ फिरतो

वसईत निर्मळच्या पुढे समुद्राकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या लागतात. केळी, पानवेली, तगर, सोनचाफा, मधूनच नारळ. अशाच एका वाडीच्या टोकाला एक बावखल आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला मी त्याच्या काठच्या उंबराखाली जाऊन बसलो. पाणी पुरुषभर खाली गेलं होतं आणि कोऱ्या चहासारखं दिसत होतं. सगळ्यात आधी नजरेला पडले ते मासे. बोटाएवढे मासे, शेकड्यांनी, पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून आ वासत होते. अख्ख्या बावखलाला धाप लागल्यासारखं ते दृश्य होतं. काठावर एक ढोकरी अंग चोरून उभी होती. तिला शिकार शोधायचे कष्टच नव्हते. सात वाजले, ऊन केळीच्या पानांवरून उतरत पाण्यावर आलं, आणि पुढच्या अर्ध्या तासात मासे एकेक करत खाली गेले. साडेसातला पाणी शांत होतं, वर फक्त चतुर घिरट्या घालत होते.

वाडीचे मालक तेवढ्यात पाण्याचा पंप सुरू करायला आले. मी त्यांना विचारलं, "काका, मासे असे रोजच वर येतात का?"

"मे लागला की येतात," ते म्हणाले. "खाली गाळ फार झालाय. काढायला माणूस मिळत नाही."

मासे धापा टाकत होते हे मला दिसत होतं, पण त्याचं कारण गाळात आहे हे काकांनी सांगितलं. परिसंस्था कशी चालते हे समजून घ्यायला त्यांचं ते एक वाक्य पुरेसं आहे. म्हणून या प्रकरणात आपण गाळाच्या मागे चालणार आहोत. बावखलातून वाडीत, वाडीतून खाडीत, खाडीतून तिवरात, आणि जमलं तर परत.

आधी बावखल म्हणजे काय ते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत पूर्वजांनी वाडीच्या सखल जागी जमीन खोदून पाण्याचे खड्डे केले. विहिरीसारखं दगडी बांधकाम नाही, तलावासारखा विस्तार नाही. काही गुंठ्यांचा, उतरत्या काठांचा, मातीचा उघडा खड्डा. पावसाळ्यात तो आभाळातून भरतो आणि नंतर आजूबाजूच्या वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यावर टिकतो. यावर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, लोटे भरून वर येत, पाणी पाटाने केळीच्या आळ्यांत जाई. म्हणजे हे निसर्गाने केलेलं तळं नाही, माणसाने केलेलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागेल.

जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये या अभ्यासाला नाव देताना ग्रीक भाषेतला घर या अर्थाचा शब्द घेतला. इकॉलॉजी म्हणजे घराचं शास्त्र. मला ही निवड फार आवडते, कारण घर म्हणजे नुसत्या भिंती आणि माणसांची यादी नव्हे. पाणी कोण भरतं, चूल कोण पेटवतं, उरलेलं कुणाच्या पुढ्यात जातं, यावर घर चालतं. पण हेकेल यांच्यानंतरही बराच काळ अभ्यासक प्राणी आणि वनस्पती यांच्यातच गुंतलेले होते. १९३५ मध्ये आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी सांगितलं, की सजीवांना त्यांच्या पाणी, माती, हवा, उन्हापासून वेगळं काढून पाहताच येत नाही, ती सगळी मिळून एकच व्यवस्था आहे. त्या व्यवस्थेला त्यांनी इकोसिस्टिम म्हटलं. आपण मराठीत परिसंस्था म्हणतो. टान्सलींच्या व्याख्येने पाहिलं तर बावखलातली ढोकरी जितकी परिसंस्थेचा भाग, तितकाच तळाचा गाळही.

आता त्या धापेकडे वळू. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम मावतो. पाणी तापलं की आणखी कमी. म्हणजे माशाचं जगणं मुळातच काटकसरीचं आहे. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हाच्या जोरावर अन्न तयार करतात आणि ऑक्सिजन सोडतात. दुपारी बावखल श्रीमंत असतं. रात्री हा कारखाना बंद पडतो, पण श्वास कुणाचाच थांबत नाही. मासे, गोगलगायी, किडे आणि स्वतः शेवाळसुद्धा रात्रभर त्याच साठ्यातून खर्च करत राहतात. त्यांच्याहून मोठा खर्च करणारे तळाच्या गाळात असतात, ते म्हणजे सडकी पानं खाणारे जिवाणू. गाळ जितका जाड, तितकी त्यांची संख्या जास्त. खर्च करून करून पहाटेपर्यंत साठा संपत येतो. मग मासे हवेला टेकलेला पाण्याचा पातळ थर ओढायला वर येतात. ऊन पडलं, कारखाना सुरू झाला, की परत खाली. मी दोन तास जे पाहत होतो, तो बावखलाचा एक श्वास होता, चोवीस तासांत एकदा आत आणि एकदा बाहेर जाणारा.

या श्वासामागे परिसंस्थेचा पहिला नियम आहे. ऊर्जा उन्हातून येते, हातोहात पुढे जाते आणि प्रत्येक हातात बरीचशी उष्णता होऊन उडते. पाण्यावर पडलेल्या उन्हातला अगदी थोडा वाटा, ढोबळमानाने शेकड्यातला एखादा भाग, शेवाळाच्या अंगी लागतो. शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या अंगी त्याचा साधारण दहावा हिस्सा जातो, त्यांना खाणाऱ्या लहान माशांच्या अंगी त्याचाही दहावा. बाकी सगळं हालचालीत, श्वासात, न पचलेल्यात खर्च होतं. हिशेब मांडून पाहा. शेवाळात दहा हजार भाग ऊर्जा असेल, तर सूक्ष्म जिवांत हजार, लहान माशांत शंभर, आणि ढोकरीच्या वाट्याला दहा. म्हणून बावखलात मासे शेकड्यांनी आणि ढोकरी एकच. तिने इतरांना हुसकावलं म्हणून ती एकटी नसते. त्या पाण्यात दुसरीपुरतं ऊनच नसतं.

हे गणित आपल्याला मिळालं तेही एका लहानशा तळ्याकाठी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सीडर बॉग नावाचं एक तळं आहे. रेमंड लिंडमन या तरुणाने पाच वर्षं त्या तळ्यातलं शेवाळ, किडे, मासे, गाळ मोजला, आणि पहिल्यांदाच त्या सगळ्यांना ऊर्जेच्या एकाच मापाने तोललं. त्याचा निबंध आधी परत आला. परीक्षकांना तो फार तात्त्विक वाटला. नंतर तो १९४२ मध्ये छापून आला, पण तोवर लिंडमन सव्वीसाव्या वर्षी आजारपणात गेला होता. दहावा हिस्सा हा आकडा प्रत्येक तळ्यात तंतोतंत येत नाही, कमीजास्त होतो. पण दर पायरीला गळती होते, हे कुठेच चुकत नाही. एका तरुणाने तळ्याचा चिखल उपसत आयुष्य घालवलं आणि साऱ्या जीवसृष्टीचा जमाखर्च मांडला, या गोष्टीने मला दरवेळी भरून येतं.

ऊर्जा अशी येते आणि जाते, परत येत नाही. पण वस्तूचं तसं नाही. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश, कार्बन यांचा एकही कण कुठे नाहीसा होत नाही. तो फक्त घर बदलतो. बावखलात उंबराचं पान पडतं, मासा मरतो, बेडकाची विष्ठा पडते, हे सगळं तळाशी जातं. जिवाणू, बुरशी, गाळातल्या अळ्या ते कुरतडतात आणि त्यातली द्रव्यं मोकळी करतात. शेवाळ ती परत उचलतं. एकच कण वर्षानुवर्षं शेवाळ, मासा, गाळ, शेवाळ असा फिरत राहतो. ऊर्जेचा रस्ता एकमार्गी आहे, द्रव्याचा रस्ता गोल आहे. परिसंस्थेचं सगळं चालणं या दोन वाक्यांत येतं.

त्या सकाळी मी एक वाळकी काठी गाळात रोवली. भसाभसा बुडबुडे वर आले. वास मात्र जेमतेम, ओल्या पालापाचोळ्यासारखा. असंच खाडीच्या चिखलात पाऊल रुतलं तर सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. हा फरक का? गाळात बोटभर खाली ऑक्सिजन पोचतच नाही. तिथले जिवाणू मग दुसऱ्या कशावर तरी श्वास भागवतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, खाडीतले जिवाणू ते वापरतात आणि त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो. गोड्या पाण्यात सल्फेट फार थोडं. तिथे वेगळ्या जातीचे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात, आणि त्याला वास नाही. म्हणजे गाळ गोड्या पाण्याचा की खाऱ्या, हे डोळे मिटूनही सांगता येतं.

पण त्या गोल रस्त्याला एक खोट आहे. दरवर्षी जेवढं पडतं तेवढं सगळं कुजून संपत नाही. ऑक्सिजन नसलेल्या तळाशी तर कुजणं फारच सावकाश होतं. शिल्लक साचत जाते. पाणी उथळ होतं, काठची लव्हाळी आत सरकतात, मग दलदल, मग गवत, मग झुडपं. कोणतंही तळं, त्याच्यावर सोडून दिलं, तर जमीन व्हायच्या वाटेवर असतं. याला अनुक्रमण म्हणतात. एका जीवसमूहाने स्वतःच्या जगण्यानेच जागा अशी बदलायची, की पुढच्या समूहाला तिथे पाय रोवता यावा. मग शेकडो वर्षांची बावखलं बुजली का नाहीत? कारण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, की घरातली माणसं आत उतरत, पाट्यांनी गाळ वर काढत आणि केळीच्या बुंध्याशी घालत. केळीचं पीक खादाड, त्याला पोटॅश आणि नायट्रोजन भरपूर लागतं. ते गाळातून मिळे. केळीची पानं आणि कापलेले खांब गुरांना, गुरांचं शेण परत मातीला, पावसात वाहून आलेली माती परत बावखलाला. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली वसईची सुकेळी तुम्ही खाल्ली असतील. त्यातल्या गोडीचा कार्बन हवेतून आला, पण त्यातलं पोटॅश कदाचित तळ्यातल्या एखाद्या कुजलेल्या पानाचं होतं.

बावखल माणसाने केलेलं आहे हे लक्षात ठेवा म्हटलं, ते यासाठी. परिसंस्थेची चित्रं काढताना आपण सूर्य काढतो, झाड काढतो, ससा आणि कोल्हा काढतो, आणि माणसाला चित्राबाहेर उभा करतो, एक तर नासाडी करणारा म्हणून, नाही तर राखणदार म्हणून. बावखलात तो चित्राच्या आत आहे. अनुक्रमणाचा काटा दर मे महिन्यात मागे सरकवणारा प्राणी म्हणजे पाटी डोक्यावर घेतलेली बाई. ती थांबली तर ढोकरीही थांबणार आहे. रहाटाच्या जागी पंप आला, गाळाच्या जागी खताची गोणी आली. दोन्हींनी कष्ट वाचले, आणि ते कष्ट मोडून काढणारे होते, हेही तितकंच खरं. पण पंप पाणी उपसतो, गाळ उपसत नाही. गोल रस्त्याचा एक तुकडा माणसाच्या डोक्यावरून जात होता. तो नेमका तिथे तुटला.

आता बावखलाच्या खाली जाऊ, न दिसणाऱ्या भागात. वसई जवळजवळ बेटच आहे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि पूर्वीच्या काळी पूर्वेकडूनही सोपाऱ्याच्या खाडीचं पाणी आत येत असे. चहूकडे खारं पाणी, तरी हातभर खोदलं की गोडं लागायचं. याचं कारण पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं. वाळूत मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. बाडोन गायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोपच्या किनाऱ्यावर याचं गणित स्वतंत्रपणे मांडलं. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक मीटर थर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी तोलून धरलेलं असतं. प्रत्यक्षात इतक्या खोलवर जाण्याआधी कातळ लागतो, पण प्रमाण ध्यानात घ्या. वरून हातभर पाणी उपसलं, तर खालून खारं पाणी चाळीस हात वर चढू पाहतं. विहीर आटल्याचं दिसतं, ती खारट होत असल्याची चाहूल मात्र लागत नाही. ती कळते तेव्हा केळीच्या पानाच्या कडा करपलेल्या असतात.

भिंग भरतं पावसाने. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका गुंठ्यावर याचा हिशेब होतो सुमारे दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. दहा गुंठ्यांची वाडी आणि तिच्यातलं बावखल हे पाणी अडवतं, मुरवतं. त्याच दहा गुंठ्यांवर फरशी आणि काँक्रीट आलं, की वर्षाचं तेच दोनशे टँकर पाणी न मुरता रस्त्यावर येतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. विहिरींचं पाणी टँकरने बाहेर नेणं आणि बेसुमार बांधकाम, हे तिच्या लढ्याचे मुख्य विषय होते. त्या आंदोलनाकडे अनेकांनी हिरवाईच्या हौसेपोटी उभं राहिलेलं म्हणून पाहिलं. मला ते एका भिंगासाठी लढलेलं आंदोलन वाटतं, जे कुणालाही डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि तरी गावातल्या बाईला हंड्यातल्या चवीवरून ठाऊक होतं.

बावखल एकटं नसतं, हेही सांगायला हवं. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. २००३ मध्ये अभयारण्य झालेलं ते जंगल सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं आहे. तिथला पाऊस ओढ्यांनी खाली येतो, भातशेतीत पसरतो, खाजणात आणि मिठागरांत थांबतो, मग खाडीला जातो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात हे सगळं एक होतं. त्या रात्री मासे पाण्याच्या उलट चढतात, ओढ्यातून शेतात, शेतातून डबक्यात, अंडी घालायला. याला इकडे वलगण म्हणतात. बत्ती घेऊन वलगणीचे मासे पकडायला गेलेली पिढी अजून आहे. शेतात पाणी जेमतेम घोटाभर असतं, मोठे शिकारी मासे तिथे येऊ शकत नाहीत, सूक्ष्म जिवांचा सुकाळ असतो. पिल्लांना यापेक्षा चांगलं पाळणाघर कुठलं? पण त्यासाठी ओढा, शेत आणि डबकं पाण्याने जोडलेलं हवं. मध्ये एक भराव पडला की दोन्हीकडचं पाणी तसंच राहतं, पण मासे संपतात. परिसंस्था तुटते ती बहुतेक वेळा अशी, तुकडे जागेवर ठेवून सांधा निखळतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये दिवसेंदिवस पाणी साचून राहिलं, रेल्वे बंद पडली, मिठागरातल्या वस्तीतली माणसं पाण्याने वेढली गेली. त्या पाण्याला खाडीकडे जायचा जुना रस्ता आठवत होता. पण रस्ता राहिला नव्हता.

डोंगरावरून निघालेला गाळ शेवटी खाडीत पोचतो. किती पोचतो, याची साक्ष सोपारा देतो. शूर्पारक म्हणजे हाच सोपारा, प्राचीन काळचं नामांकित बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला, सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. जिथे गलबतं नांगर टाकत, तिथे आज नालासोपाऱ्याची वस्ती आहे आणि समुद्र काही किलोमीटर लांब आहे. खाडी गाळाने भरत गेली. बावखलात वर्षाला बोटभर साचतो तोच गाळ, फक्त अंगण मोठं आणि काळ मोठा.

या गाळावर तिवर उभं राहतं. नायगावच्या पुलावरून लोकल जाते तेव्हा दोन्ही बाजूंना, पाणजू बेटाच्या कडेने, ही झाडी दिसते. ओहोटीला खाली उतरून तिवराचं पान उलटं करून जिभेला लावा. खारट लागतं. मुळांतून आत आलेलं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण चिखलात श्वास घ्यायला काही नाही, हे आपण काठी रोवून पाहिलंच. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं आणि हातभर लांब शेंगेसारखं होऊन मगच खाली पडतं. भरती-ओहोटीच्या जागेत बीला रुजायची फुरसत मिळत नाही, म्हणून ते रुजूनच निघतं.

पण तिवराचं खरं मोल त्याच्या गळलेल्या पानात आहे. ताजं गळलेलं पान जवळजवळ निकस असतं, त्यातला नायट्रोजन झाडाने आधीच काढून घेतलेला असतो. चिंबोऱ्यांच्या लहान भाऊबंदांतले खेकडे ते पान बिळात ओढून नेतात, कुरतडतात. तुकड्यांवर जिवाणू आणि बुरशी चढते, आजूबाजूच्या पाण्यातून नायट्रोजन ओढून घेते. काही आठवड्यांनी तोच तुकडा आधीपेक्षा पौष्टिक झालेला असतो. कोळंबी आणि बोयटाची पिल्लं तो तुकडा गिळतात ती त्याच्यावरच्या सायीसाठी. कोरड्या भाकरीला चव येते ती लोण्याने, तसंच. निवटी चिखलावर उड्या मारत याच सायीचा थर खरवडते. बावखलात अन्नसाखळी हिरव्या शेवाळापासून सुरू झाली होती, इथे ती कुजक्या पानापासून सुरू होते, आणि तिला वल्हं मारते भरती. दिवसातून दोनदा समुद्र येतो, मोठ्या भरतीला चार मीटरहूनही वर, अन्न आणतो, घाण नेतो, पिल्लांची ने-आण करतो. पाचूबंदरच्या आणि अर्नाळ्याच्या होड्या ज्या कोळंबीसाठी समुद्रात जातात, त्यातल्या कितीतरी जातींचं बालपण असल्या चिखलात गेलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीला आणि त्यांच्यावरच्या भरावाला मनाई केली, २०१८ मध्ये ती कायम केली. तिवराच्या जमिनीला पडीक म्हणणाऱ्यांनी एकदा कोळणीच्या पाटीत पाहावं.

आणि खाडीत गेलेला गाळ परत येतो का? येत असे. किनाऱ्यावरच्या बागायतीत मासळीचं खत घालायची पद्धत जुनी आहे. डोंगरावरचा फॉस्फरस ओढ्याने खाडीत, खाडीतून जवळ्यात, जवळ्यातून परत वाडीत. बगळे आणि पाणकावळे दिवसभर खाडीत खाऊन संध्याकाळी गावातल्या चिंचेवर येतात, तेही शिंतोड्यांनी थोडं परत करतात.

आज या व्यवहारात सगळ्यात मोठा वाटा शहराचा आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती. भाजी नाशिककडून येते, दूध बाहेरून येतं, धान्य कुठून कुठून. माणशी वर्षाला ढोबळमानाने तीन किलो नायट्रोजन अन्नातून येऊन मलमूत्रातून बाहेर पडतो. बारा लाखांचा हिशेब ३,६०० टनांचा होतो. बाहेरच्या शेतांत तेवढी तूट, इथल्या नाल्यांना आणि डबक्यांना तेवढं अजीर्ण. ज्या बावखलात नाला शिरला, तिथे शेवाळ माजतं, वर जलपर्णी पसरते. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, इथे तिला खाणारं फारसं कुणी नाही. ऊन तिच्या पानांवरच अडतं, खालचा कारखाना दिवसाही बंद, आणि मग मासे पहाटेच नव्हे, भर दुपारी वर येतात. काही दिवसांनी ते पोटं वर करून येतात. एरवी नायट्रोजन म्हणजे केळीचं अन्न. तोच कण चुकीच्या घरात, चुकीच्या प्रमाणात गेला की विष होतो.

काकांनी पुढल्या वर्षी गाळ काढला. त्यांचे दोन भाचे कामावरून आठवड्याची रजा टाकून आले, शेजारच्या वाडीतले चौघे आले, आणि मीही दोन दिवस पाट्या उचलल्या. मासे आधी हंड्यांत आणि एका जुन्या पिंपात काढून ठेवले. गाळ वर येताना काळा आणि थंड लागत होता. त्यात गोगलगायींचे शंख, उंबराची अर्धवट कुजलेली पानं, आणि एका ठिकाणी रहाटाच्या लोट्याची खापरी निघाली. काकूंनी ती धुऊन ओट्यावर ठेवली. दुपारपर्यंत केळीच्या प्रत्येक आळ्यात काळा ढीग पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो वाळून भेगाळला होता. खड्ड्याच्या तळाला चार ठिकाणी वाळूतून पाणी पाझरताना दिसलं, स्वच्छ, पिण्याजोगं गोड. काकांनी ओंजळीत घेऊन ते चाखलं आणि काही न बोलता भाच्यापुढे ओंजळ केली.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात, मी पुन्हा पहाटे साडेपाचला उंबराखाली जाऊन बसलो. पाणी तितकंच खाली गेलं होतं. ढोकरी काठावर होती, पण एका जागी उभी नव्हती, मान लांब करून पाण्यात पाय टाकत हळूहळू चालत होती. पाण्याच्या वर एकही तोंड नव्हतं.